पोटभाडेकरूचा रकाना

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी रात्री साडेदहाला आमच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी काका, कमिटीतले आणखी दोघं आणि त्यांच्या मागे अवघडून उभा असलेला वॉचमन. काकांनी आत पाऊल टाकण्याआधी दाराबाहेरचे चपला-बूट मोजले. मग आत येऊन कॉट मोजले. मग टूथब्रश. शेवटी फ्रीज उघडला, त्यात सहा अंडी निघाली, आणि सगळ्यांत जास्त वेळ चर्चा त्यांच्यावरच झाली.

घाटकोपर पूर्वेला, स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवरचा हा टू बीएचके. दोन खोल्या, प्रत्येक खोलीत दोन बंक बेड, म्हणजे एकूण आठ जण. फ्लॅटचे मालक दुसऱ्या उपनगरात राहतात. त्यांच्याकडून तो एकाने भाड्याने घेतला होता आणि आम्हाला 'कॉट बेसिस'वर दिला होता. माझ्या कॉटचे महिन्याला साडेनऊ हजार. करारावर नावं दोघांचीच.

"बाकीचे सहा कोण?" काकांनी विचारलं.

"पाहुणे आहेत, काका," सागर म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. पेइंग गेस्ट म्हणजे पैसे देणारा पाहुणाच. तीन आठवड्यांनी पाहुण्यांना निरोप आला की येत्या रविवारपर्यंत जागा खाली करा. डिपॉझिटमधून 'रंगकामाचे' पैसे कापले गेले. तक्रार करायची तर कुठे? पोलीस स्टेशन, वॉर्ड ऑफिस, भाडे नियंत्रणाचा सक्षम अधिकारी, सहकार खात्याचा उपनिबंधक, अशा चार दारांची यादी मी केली. प्रत्येक दाराशी पहिला प्रश्न एकच येणार होता : तुम्ही कोण? मालक, भाडेकरू, लायसन्सी की सभासद? यातलं मी काहीच नव्हतो.

मी डेटाबेसवर काम करतो. एखादी नोंद कुठल्याच टेबलमध्ये बसत नसेल, तर चूक नोंदीची नसते, टेबलं ज्याने आखली त्याची असते, हे पहिल्या वर्षीच शिकलो. तेव्हा ही टेबलं आखली कुणी, हे शोधायला बसलो. नव्या खोलीच्या शोधात लोकलमध्ये जो वेळ गेला, त्यात बरंच वाचून झालं.

दारावरची पाटी

कॉट भाड्याने देणाऱ्या घरांवर लक्ष ठेवायची कल्पना आपल्याकडे आली ती विलायतेतून. लंडनमध्ये १८५१ आणि १८५३ साली अशा घरांसाठी कायदे झाले. घराची नोंदणी करायची, एका खोलीत किती जण झोपणार ते ठरवून घ्यायचं, आणि अधिकाऱ्याला कधीही आत येऊ द्यायचं. कारण कॉलऱ्याची भीती, आणि तिच्याइतकीच अनोळखी गरिबांची भीती.

ग्लासगो शहर आणखी पुढे गेलं. १८६२च्या कायद्याने तिथल्या लहान घरांची मापं घेतली गेली, आणि दारावर पत्र्याची पाटी ठोकली गेली. घरात किती घनफूट हवा आहे आणि त्यात किती माणसं झोपू शकतात, ते तिच्यावर लिहिलेलं. मोठ्या माणसाला ३०० घनफूट, आठ वर्षांखालच्या मुलाला त्याच्या निम्मी. हे पाळलं जातंय का ते बघायला सॅनिटरी इन्स्पेक्टर मध्यरात्री दार ठोठवायचे. त्यांची चाहूल लागली की जास्तीची माणसं कपाटात, पलंगाखाली, नाहीतर थेट छपरावर. हे वाचताना मला आमच्या मजल्यावरचा जिना आठवला. त्या रविवारी सेक्रेटरी काका लिफ्टने वर येत होते, तेव्हा आमच्यातले दोघं जिन्याने गच्चीवर गेले होते.

आमच्या खोलीचं गणित मी ग्लासगोच्या मापाने केलं. १० बाय ११ची खोली, उंची साडेनऊ फूट. १,०४५ घनफूट, म्हणजे तीन माणसं. आम्ही चार होतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या पाटीपासून आम्ही फार लांब नव्हतो, हे पाहून जरा बरंही वाटलं.

त्रेसष्ट पूर्णांक पाच अंश

मुंबईत १८८८च्या महापालिका कायद्यातच लॉजिंग हाउससाठी परवाना लागतो असं कलम आहे. आजही शहरातली लॉजेस त्याच कायद्याच्या कलम ३९४खाली परवाना घेतात. पण गिरणी कामगार लॉजमध्ये राहत नव्हता. तो चाळीत, कुणाच्या तरी खोलीत, खोलीच्या एका कोपऱ्यात राहत होता, आणि त्या कोपऱ्याकडे शहराचं लक्ष गेलं ते प्लेगमुळे.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढच्या वर्षी साथरोगाचा कायदा आला. पथकं घरात शिरू लागली, सामान रस्त्यावर काढू लागली, भिंतींना चुना फासू लागली, आजाऱ्यांना उचलून नेऊ लागली. लाखो लोक गावाकडे पळाले. १८९८ साली कायदा करून इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्यासमोर नमुना होता तो ग्लासगोच्याच ट्रस्टचा. दाट वस्ती पाडायची, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळवायची.

या ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर हवा-उजेडाच्या बाबतीत फार काटेकोर होते. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम त्यांनी लावून धरला. खोलीच्या खिडकीच्या पायापासून जमिनीशी ६३.५ अंशांची तिरपी रेघ वर काढली, तर ती समोरच्या इमारतीला न अडता आकाशाला भिडली पाहिजे. ६३.५ अंशांचा टॅन्जंट जवळजवळ बरोबर २ येतो. म्हणजे समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. इंजिनिअर म्हणून मला हा नियम फार आवडला. साधा, मोजता येणारा, वाद न घालता येणारा.

पण त्यात माणूस कुठेच नाही. १९०१च्या जनगणनेनुसार शहरातले ८० टक्के लोक एकाच खोलीच्या घरात राहत होते. ज्या इमारती या मापात बसत नव्हत्या त्या पाडल्या, तर आतली माणसं आकाशाला भिडणार नव्हती, शेजारच्या चाळीत शिरणार होती. १९१८पर्यंत ट्रस्टच्या योजनांमुळे ६४,००० लोकांची घरं गेली, आणि पर्यायी घर मिळालं १४,००० जणांना. उरलेल्या ५०,००० लोकांनी शहरातली गर्दीच वाढवली असणार. जी मोडायची होती तीच.

गावची खोली

माझे आजोबा, आबा, पाटण तालुक्यातून पन्नासच्या दशकात मुंबईत आले आणि लालबागला गावच्या खोलीत राहिले. खोली नावावर एकाच्या, राहणारे वीसहून जास्त. गिरणीच्या पाळ्या असल्यामुळे सगळे एका वेळी घरात नसत. एकाने उठून वळकटी गुंडाळली की दुसरा त्याच जागेवर पसरायचा. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी. जेवण खानावळीत, कुणा गावच्याच बाईकडे, पगाराला पैसे चुकते.

त्या खोलीत एक वही होती, असं वडील सांगतात. कुणी किती दिले, कुणाचे राहिले, कोण गावी गेला. नवा पोरगा कामाला लागेपर्यंत त्याच्याकडून पैसे घेत नसत. खोलीत कुणी दगावला तर गावी कळवण्याचा आणि मातीचा खर्च सगळ्यांवर वाटला जाई. गोव्याच्या लोकांचे धोबी तलाव आणि माझगावातले 'कुड' याच धाटणीचे : प्रत्येक गावाचा आपला कुड, आपले नियम, आपला हिशेब. जहाजावर चढण्याआधी आणि उतरल्यानंतर तिथेच पथारी. या खोल्यांचं नियमन महापालिका करत नव्हती, पोलीस करत नव्हते. गाव करत होतं.

याचं फार कौतुक करण्यात अर्थ नाही. आबांच्या खोलीत गावातला प्रत्येक जण नव्हता. गावात ज्यांची घरं वेशीबाहेर होती, त्यांची मुंबईतली खोलीही वेगळी होती. ट्रस्टने बांधलेल्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोन दशकं राहिले. सरकारी खोलीचा एक गुण असा की तिथे दार उघडायचं की नाही हे गावकी ठरवत नाही. आमच्या फ्रीजमधल्या अंड्यांची चौकशी झाली तेव्हा मला हा मुद्दा नीट कळला. खोली नियमांशिवाय कधीच नसते. नियम सरकारने केले नाहीत, तर गाव करतं. गाव नसेल तर सोसायटी करते.

आणि गर्दीही काही गोड नव्हती. विसाव्या शतकाच्या विशीच्या दशकात डॉ. बार्न्स या बाईंनी सरकारसाठी गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी केली. चाळीतल्या एका १५ बाय १२च्या खोलीत त्यांना सहा कुटुंबं आढळली. त्यांनी चुली मोजल्या, सहा भरल्या. मुलंबाळं धरून माणसं तीस. म्हणजे माणशी सहा चौरस फूट. आमचे काका बूट मोजत होते, बार्न्सबाई चुली. फरक इतकाच की बार्न्सबाईंना त्या खोलीतल्या बायकांची काळजी होती.

त्याच सुमाराला सरकारने स्वतः खोल्या बांधायचं ठरवलं. १९२०मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात डेव्हलपमेंट खातं निघालं, कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसला, आणि ५०,००० खोल्यांचा संकल्प झाला. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला मिळून प्रत्यक्षात सुमारे १६,००० झाल्या. त्या बीडीडी चाळी. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, सिमेंटची, मजबूत. तरी सुरुवातीची कित्येक वर्षं त्यांतल्या बऱ्याच रिकाम्या राहिल्या. भाडं जास्त, काही चाळी गिरणीपासून लांब. ज्याच्यासाठी खोली बांधली त्याला पगार किती आणि चालायचं किती, हे न विचारता बांधलं की असं होतं.

तारखेच्या आधीचे

दुसऱ्या महायुद्धात मुंबईत माणसांचा लोंढा आला, भाडी भडकली, आणि १९४७चा भाडे नियंत्रण कायदा आला. त्याच्या नावातच हॉटेल आणि लॉजिंग हाउसचे दरही होते. सप्टेंबर १९४०चं भाडं प्रमाण धरून ते गोठवलं गेलं. भाडेकरूला मालक सहजी काढू शकेना. त्याच कायद्याने भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवायला बंदी केली.

पोटभाडेकरू हा शब्द मला मराठीतला फार नेमका शब्द वाटतो. भाडेकरूच्या पोटात राहणारा. बाहेरून दिसत नाही. मुंबईतले कितीतरी नवखे याच पोटात राहत होते, आणि कायद्याने त्यांना एका ओळीत बेकायदा केलं. ते कुठे गेले नाहीत. पागडी देऊन, मावसभाऊ होऊन, पाहुणे होऊन तिथेच राहिले. मग सरकारने काय केलं? २१ मे १९५९च्या आधी जे पोटभाडेकरू होते त्यांना संरक्षण दिलं, दार पुन्हा बंद. लोक लिव्ह अँड लायसन्सकडे वळले. मग १९७३मध्ये दुरुस्ती झाली : १ फेब्रुवारी १९७३ला ज्यांचा लायसन्स चालू होता ते भाडेकरू मानले जातील. दार पुन्हा बंद. झोपडपट्टीतही हेच : आधी १ जानेवारी १९९५, मग २०००, मग २०११.

मुंबईने राहणाऱ्या माणसाला अधिकार दिले ते असे, तारखा देऊन. त्या दिवसाआधी आलात तर तुम्ही 'पात्र', दुसऱ्या दिवशी आलात तर घुसखोर. खोली कशी आहे, भाडं किती, मालक वागतो कसा, याचा त्या तारखेशी काही संबंध नाही. आणि प्रत्येक तारखेनंतर मालक आणखी सावध होतो. १९७३नंतर अनेकांनी घर रिकामं ठेवलं पण भाड्याने दिलं नाही, कारण आज दिलेला लायसन्स उद्या कुठल्या तारखेत अडकेल याचा भरवसा नव्हता. ज्यांना आधीच जागा होती ते वाचले, आणि त्याची किंमत नंतर येणाऱ्यांनी चुकवली.

पेइंग गेस्ट १९७३च्या त्या संरक्षणातून मुद्दाम वगळलेला होता. ३१ मार्च २०००पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही त्याची व्याख्या आहे. पेइंग गेस्ट म्हणजे कुटुंबाबाहेरचा असा माणूस, ज्याला मालक स्वतः राहतो त्या घरातला काही भाग लायसन्सवर दिला आहे. व्याख्या वाचली की डोळ्यांसमोर एखादी विधवा आजी येते, पुढची खोली कॉलेजच्या मुलाला देणारी, रात्री त्याच्यासाठी पोळी झाकून ठेवणारी. तिच्या घरावर भाडेकरूने हक्क सांगू नये म्हणून ही सूट. योग्यच आहे. पण आमच्या फ्लॅटमध्ये आजी नव्हती. मालक राहत नव्हता. म्हणजे कायद्याच्या लेखी आम्ही पेइंग गेस्टसुद्धा नव्हतो.

चार दारं

याच कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल तर भाड्याच्या अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. कागदावर ही आमच्यासारख्यांच्या बाजूची तरतूद. पण आमच्या फ्लॅटचा करार नोंदवलेला होता, फक्त त्यात आठांपैकी दोघंच होते.

पोलिसांच्या लेखी महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१मध्ये लॉजिंग-बोर्डिंग परवान्याच्या जागांत मोडतं. शिवाय भाडेकरूची माहिती जवळच्या पोलीस स्टेशनला द्या, असा आदेश पोलीस आयुक्तालय वेळोवेळी काढतं. माहिती द्यायची मालकाने. तिचा हेतू सुरक्षा, म्हणजे माझ्यापासून इतरांची. महापालिकेच्या परवान्यात लॉज आहे, आमचा फ्लॅट नाही. सोसायटीच्या वहीत मालक आहे, आणि तो तिथे राहत नाही म्हणून लागणारा, सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के, नॉन-ऑक्युपन्सी चार्ज आहे. त्या वहीत आम्हा आठ जणांचं अस्तित्व तेवढंच, एका शुल्काची ओळ.

घाटकोपर १९५० साली मुंबई महापालिकेत आलं. २०१४मध्ये मेट्रो आली, अंधेरी-साकीनाक्याची ऑफिसं एका गाडीवर आली, आणि स्टेशनच्या दोन्ही बाजूंना कॉटचा धंदा वाढला. घरांत आत काय चाललंय हे कुणी बघायचं, हा प्रश्न इथे नुसता कागदी नाही. २५ जुलै २०१७ला घाटकोपर पश्चिमेला दामोदर पार्कची साईदर्शन इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर दुरुस्तीचं काम चालू होतं. तेव्हा आत येऊन बघणारं कुणीतरी हवंच. माझा विरोध मोजण्याला नाही.

पण मोजायचं काय? बंगळुरूच्या महापालिकेने २०२४मध्ये पीजींसाठी नियम काढले, माणशी किमान ७० चौरस फूट. आमची ११० चौरस फुटांची खोली या मापाने एकाच माणसाची. साडेनऊ हजाराच्या चार कॉटचे अडतीस हजार त्या एकाने द्यायचे. तो मी नसणार. मी कल्याणच्या पुढे, नाहीतर नोंदच नसलेल्या पीजीत. ग्लासगोचे लोक छपरावर गेले, ट्रस्टने हलवलेले शेजारच्या चाळीत, पोटभाडेकरू मावसभाऊ झाले. माप जितकं कडक आणि पर्याय जितके कमी, तितकी माणसं नोंदीबाहेर जातात, आणि नोंदीबाहेरच्या खोलीत अग्निशमन यंत्रही कुणी तपासत नाही.

माझी मागणी म्हणून लहान आहे. क्षेत्रफळाच्या आधी एक रकाना द्या : इथे झोपणाऱ्याचं नाव, त्याने दिलेलं डिपॉझिट, त्याला मिळणारी मुदत. मालक राहत नसलेली पीजी म्हणजे काय, याची व्याख्या करा आणि तिची नोंद वॉर्ड ऑफिसात सोपी ठेवा. तीस दिवसांच्या सूचनेशिवाय कुणाला काढता येणार नाही एवढं लिहा. जिना मोकळा आहे का, वायरिंग धड आहे का, ते दिवसाउजेडी येऊन बघा. हवेचं माप त्यानंतर घेऊ. आबांच्या खोलीतल्या त्या वहीत यातलं बरंचसं होतं. फक्त तिच्यात नाव यायला विशिष्ट गावाचं, विशिष्ट जातीचं असावं लागत होतं. सरकारी वहीत ते लागू नये, इतकाच सरकारचा फायदा.

आता मी असल्फाच्या बाजूला राहतो. खोलीत तिघं. ग्लासगोला चाललं असतं. पहिल्या महिन्याचे पैसे दिल्यावर मी पावती मागितली तेव्हा भाऊंनी जरा आश्चर्याने पाहिलं, मग पावतीपुस्तक काढून लिहिलं, 'रूम २, बेड ३, मिळाले'.

"भाऊ, नाव लिहा ना," मी म्हटलं.

"कशाला? बेड तुमचाच आहे."

तरी त्यांनी लिहिलं. आडनाव चुकवलंय. पावती मी जपून ठेवली आहे.